मिरचीचे हात

माघ सरत आला की आमच्या कॉलेजच्या पश्चिमेकडच्या खिडक्या बंद होतात. शिपाईमामा काठीनं एकेक झडप ओढत जातात आणि म्हणतात, "लावी ल्या व पोरीसहोन, वारा फिरना." वारा फिरला की शहराबाहेरच्या पथाऱ्यांवरची मिरची वर्गात येते. पथारी म्हणजे उघडं मैदान. बाजारात आलेली ओली लाल मिरची तिथं पसरून वाळवतात, आणि ती वाळते तसतसा तिचा काही भाग हवेत मिसळत राहतो. पहिल्या बाकावर एक शिंक येते, मग तिसऱ्यावर, मग सगळा वर्ग पदर, रुमाल, ओढण्या नाकाला लावून पेपर लिहू लागतो. बाहेरून नव्यानं आलेले पर्यवेक्षक दरवर्षी घाबरतात. पेपर अवघड गेला म्हणून मुली रडताहेत असं त्यांना वाटतं. आम्ही नंदुरबारचे लोक हसतो. या दिवसांत इथं कोणाचेही डोळे लाल असतात आणि कोणी कोणाला कारण विचारत नाही.

यंदा ही सोय मला फार उपयोगी पडली.

शरयूमॅडम कार्तिकात गेल्या. मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते तेव्हा त्या मला शिकवायच्या. आज मी त्याच वर्गात, त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांनीच लिहिलेलं पुस्तक शिकवते. मुलांचा छळ आणि मुलांकडे होणारं दुर्लक्ष कसं ओळखावं, हे शिकवणारं पुस्तक. आमच्याकडच्या अंगणवाडीताई, शिक्षिका, परिचारिका होणाऱ्या मुली, सगळ्या तेच वाचून पास झाल्या आहेत. प्रकाशकांचा फोन त्यांच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात आला. नवी आवृत्ती काढायची आहे, किरकोळ दुरुस्त्या तुम्हीच करा, मॅडमची लाडकी विद्यार्थिनी तुम्हीच. मी हो म्हटलं. दुःखात माणसाला काहीतरी काम हवं असतं. पुस्तक टेबलावर उघडून बसले, एक ते साठ पानं सावकाश तपासली, आणि एकसष्टाव्या पानावर थांबले. गेली कित्येक वर्षं त्या पानावर मी अशीच थांबते आणि मग पुढं जाते. या वेळी पुढं जाता येईना.

मॅडम इथल्या नव्हत्या. घाटावरून बदली होऊन आल्या आणि इथंच राहिल्या. मी कोरीटच्या शेतकरी घरातली मुलगी. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि तोंडात दोन्हींची खिचडी. पहिल्या वर्षी वर्गात उभी राहून मी म्हटलं होतं, "मॅडम, मन्हं पुस्तक घरी ऱ्हायनं." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं, स्वतःचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "राहिलं म्हण. पण घरी गेल्यावर ऱ्हायनंच म्हण, नाहीतर आई म्हणेल पोरगी परकी झाली." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. त्यांच्या घरी पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं असायची आणि पाठीवर त्यांच्या लाल पेन्सिलीतली नावं. मी एकेक नेत गेले, वाचत गेले. नीट वाक्य कसं लिहावं, जे पाहिलं तेवढंच कसं लिहावं, मनाचं त्यात कसं मिसळू नये, हे सगळं त्यांनी शिकवलं. आज मी हे लिहिते आहे तीही त्यांचीच देणगी आहे, आणि हेच लिहायला हात जड होतो.

पुस्तक वाईट नाही. हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्यातल्या खुणांच्या यादीमुळं एका आश्रमशाळेतल्या ताईंना एका मुलीचं गप्प राहणं कळलं होतं. माझीच विद्यार्थिनी ती. रात्रभर झोपले नाही म्हणाली, सकाळी उठून मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. मारणारे, छळणारे, मुलांना विसरून जाणारे लोक असतात आणि चांगल्या, सारवलेल्या घरांतही असतात. ते दिसावं म्हणून असं पुस्तक लागतं. म्हणून तर एकसष्टावं पान जास्त जिव्हारी लागतं.

*

तो माझा शेवटच्या वर्षाचा मिरचीचा हंगाम. परीक्षेआधी प्रत्येकीनं एका आईचं आणि मुलाचं दोन तास निरीक्षण करून जर्नलमध्ये लिहायचं होतं. छापील तक्ता होता. डावीकडं वेळ, मध्ये मुलाचं वर्तन, उजवीकडं पालकाचा प्रतिसाद. तक्त्याच्या माथ्यावर ठळक सूचना: निरीक्षकाने कोणताही हस्तक्षेप करू नये. मॅडम म्हणायच्या, "तू भिंत आहेस असं समज. भिंत पाहते, पण हात पुढं करत नाही."

मी शहराबाहेरच्या एका पथारीवर गेले. दुपार होती. लाल रंगाचा एवढा मोठा चौकोन मी आजही डोळे मिटले की पाहू शकते. कडेला ओली, चकाकणारी मिरची, मध्ये सुरकुतलेली, काळपट लाल. बायका ओळीनं बसून पांढरी पडलेली मिरची निवडून बाजूला टाकत होत्या. तोंडाला फडकी, हाताला काही नाही. वाळत्या मिरचीचा वास आधी गोडसर येतो, मग घशात उतरतो आणि तिथं बसून राहतो.

त्यातली एक इस्तेरबाई. खांडबाऱ्यापलीकडच्या डोंगरातल्या गावची. हंगामापुरती नवऱ्याबरोबर आलेली, पथारीच्याच कडेला ताडपत्रीखाली राहणारी. माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी असेल. तिची दीड वर्षाची मुलगी रूता निंबाच्या सावलीत होती. मुलीच्या कमरेला जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या मोठ्या कॅनच्या मुठीला. सकाळी कॅन भरलेला असतो. दीड वर्षाचं पोर तो हलवू शकत नाही. निंबही असा निवडलेला, की वारा तिकडून मिरचीकडं वाहील, मिरचीकडून तिकडं नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. या भागातल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. आमच्या घरी आई मिरची खुडत असली की लांबूनच ओरडायची, "जवय नको येऊ व! मिरचीना हात शेतस, डोयाले लागी जाईन."

दोन वाजून दहा मिनिटांनी रूता रडायला लागली. मी तक्त्यात वेळ लिहिली. इस्तेरबाईनं मान वर करून पाहिलं आणि काहीतरी गाण्यासारखं तिच्या बोलीत म्हटलं. मुलगी थोडी थांबली, पुन्हा रडली. बाकीच्या बायका मध्येच उठून कॅनमधलं पाणी पिऊन जात होत्या. माझ्यापासून मुलगी चार हातांवर होती. तिचं नाक वाहत होतं, एका पायातला काळा दोरा सुटला होता. तिनं माझ्याकडंही हात केले होते. मी लिहिलं: बालिका अनोळखी व्यक्तीकडे हात करते.

ऊन उतरत गेलं आणि कॅन रिकामा होत गेला. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. साडेतीनच्या सुमारास खडखड आवाज आला. पाहिलं तर रूता रांगत आईकडं निघाली होती आणि मागं रिकामा कॅन दगडांवर आपटत येत होता. बायका हसायला लागल्या. एक ओरडली, "इस्तेर, तुन्ही गाडी ऊनी व!" मुलगी मिरचीच्या कडेपर्यंत पोहोचली, तिथून दोन्ही हात वर करून आईच्या अंगावर झेपावली. इस्तेरबाईनं आपले पंजे वर धरले, पकडलेला चोर धरतो तसे, आणि कोपरानं तिला मागं लोटलं. एकदा नाही, तीनदा. मुलगी आकांत करत होती. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं पायानं कॅन ओढत पोरीला निंबाखाली नेलं. मी लिहीत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी माझे दोन तास झाले. तक्ता भरला. तरी मी उठले नाही, कारण डोळे इतके झोंबत होते की रस्ता दिसत नव्हता. म्हणून मला पुढचं दिसलं.

पाचाला काम सुटलं. बाकीच्या बायका पाणी पिऊन अंग सैल करत होत्या, आणि इस्तेरबाई चुलीकडं गेली. तिनं मूठभर राख घेऊन हात चोळले, कोपरापर्यंत. मग माती. मग पाणी. मग एका छोट्या बाटलीतलं तेल. रूता लांबून ओरडत होती आणि ही घाई करत नव्हती. हात पुसून तिनं उजव्या हाताचं बोट स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावलं आणि थांबली. डोळा लाल झाला, पाणी आलं. तिनं पुन्हा राख घेतली. पुन्हा सगळं. पुन्हा बोट डोळ्याला. पुन्हा पाणी आलं. तिसऱ्यांदा बोट लावून ती बराच वेळ उभी राहिली, दोनदा पापण्या मिटल्या, मग धावत गेली आणि मुलीला असं उचललं की दोघी मिळून एकच काहीतरी दिसू लागलं.

मी बसल्या जागी जर्नलचं पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, तक्त्याबाहेर, हे सगळं लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं पुन्हा कधी लिहिलं नाही.

*

वर्षभरानं पुस्तक आलं. मॅडमनी पहिल्या दोन प्रतींतली एक मला दिली, आत लाल पेन्सिलीनं "चि. वनितास". आभारात माझं नाव होतं. मी कोरीटला नेऊन दाखवलं, वडिलांनी देवासमोर ठेवलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी एकसष्टावं पान उघडलं.

केस क्रमांक चार. मिरची वाळवण्याच्या मैदानावरील मजूर स्त्री. दीड वर्षाच्या बालिकेला कमरेस फडके बांधून पाण्याच्या कॅनला अडकवले आहे. बालिका रडते, आई पाहते, उठत नाही. बालिका कॅन ओढत आईजवळ पोहोचते. आई तिला तीन वेळा कोपराने दूर लोटते. निरीक्षणाच्या दोन तासांत आईने बालिकेस एकदाही स्पर्श केला नाही. प्रश्न: वरील केसमधील दुर्लक्षाचे प्रकार ओळखून सकारण लिहा. गुण आठ.

एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी माझीच होती. मी पान उलटलं. मागच्या बाजूला केस क्रमांक पाच होती.

मी मॅडमना काही विचारलं नाही. त्यांनी मला न सांगता माझं अर्धं लेखन कापलं, आणि तेही बरं असलेलं अर्धं, हे मी मनात ठेवलं. त्यांच्या घरी जात राहिले, चहा पीत राहिले, पुस्तकं आणत राहिले. विश्वासघात हा शब्द आपण मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवतो. माझा तर एका पानाचा होता. तो घेऊन मी नोकरीला लागले, त्यांच्या जागी आले आणि बारा वर्षं तेच पान शिकवलं. "शारीरिक दुर्लक्ष, भावनिक दुर्लक्ष, बंधनात ठेवणे," मी फळ्यावर लिहीत असे. मुली उतरवून घेत. दोन-चार वेळा एखादी मुलगी म्हणे, "पण मॅडम, मिरचीचे हात असतील ना." मी म्हणे, "केसमध्ये दिलं आहे तेवढंच लिही." हे वाक्यही मॅडमचंच.

*

यंदाच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. खांडबाऱ्याकडची, वसतिगृहात राहणारी, हसरी. नाव रूता. हजेरीत ते नाव मी जूनपासून रोज घेत होते. आपल्याला जे आठवायचं नसतं ते किती सहज आठवत नाही.

पौषात आम्ही चौथं प्रकरण घेतलं. केस चार वाचायला मी तिलाच उभं केलं. तिनं मोठ्यानं, स्वच्छ वाचायला सुरुवात केली. "कमरेस फडके बांधून पाण्याच्या कॅनला" इथं ती हसली. पुढं "बालिका कॅन ओढत" इथं तर तिला हसू आवरेना.

"काय झालं गं?"

"मॅडम, ही मीच आहे!" ती म्हणाली. "आमच्या घरी ही गोष्ट अजून सांगतात. सगळ्यांनी पाणी पिऊन टाकलं आणि माझी गाडी सुटली. नाताळात मामा आले की हमखास सांगतात. कॅन वाजवून दाखवतात."

वर्ग हसला. मी हसले नाही, पण थांबवलंही नाही. ती त्याच हसऱ्या आवाजात पुढं वाचत गेली: आई तिला तीन वेळा कोपराने दूर लोटते. एकदाही स्पर्श केला नाही. दुर्लक्षाचे प्रकार ओळखा. तिचा आवाज वाक्यागणिक खाली येत गेला आणि "गुण आठ" तिनं वाचलंच नाही. खाली बसली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोट डोळ्याला लावणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. मी फळ्याकडं वळले आणि "शारीरिक दुर्लक्ष" लिहिलं.

मुली दुष्ट नसतात, पण वय असतं. त्या दिवसापासून वसतिगृहात तिला हाक सुरू झाली. "ए केस चार, माझा डबा आण." "केस चारला बांधून ठेवा रे, पळंल!" आधी तीही हसून उत्तर द्यायची. मग थांबली. तिची मैत्रीण मला ग्रंथालयात भेटली तेव्हा सहज म्हणाली, "मॅडम, रूताची आई इथंच पथारीवर आलीय या हंगामाला. पूर्वी दर रविवारी जायची ती. आता तीन रविवार झाले, जातच नाही."

मी रूताला बोलावलं. ती दारात उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"आईकडं का जात नाहीस?"

"अभ्यास आहे."

"खरं सांग."

तिनं ओढणीचं टोक सोडलं आणि म्हणाली, "मॅडम, आई सांगते त्यात सगळे हसतात. पुस्तकात आहे त्यात कोणी हसत नाही. दोन्हीतलं एक खरं असेल ना? आणि पुस्तक तर शिकलेल्या माणसांनी लिहिलंय."

सराव परीक्षेत केस चारच आली. प्रश्नपत्रिका मीच काढली होती, मागच्या वर्षीचीच फिरवून. रूताच्या पेपरात त्या प्रश्नाखाली अर्धं पान कोरं होतं आणि तळाशी एक ओळ: मला या बालिकेबद्दल लिहिता येत नाही. नमुना उत्तराप्रमाणं आठपैकी शून्य. मी तो पेपर तपासायचा बाजूला ठेवला. खिडकी बंद होती, तरी डोळ्यांना धार लागली.

*

त्याच आठवड्यात मॅडमच्या सूनबाई रिक्षातून एक गठ्ठा घेऊन आल्या. "आईंनी तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती," म्हणाल्या. जुनी जर्नलं होती, सुतळीनं बांधलेली. माझं वरच होतं.

मी तक्त्याचं पान काढलं आणि उलटलं. मागच्या बाजूला माझं अक्षर, घाईचं, एका जागी मिरचीच्या बोटाचा पुसट तांबडा ठसा. राख, माती, तेल, डोळा. सगळं होतं. त्यावर लाल पेन्सिलीची एक तिरकी रेघ, आणि समासात मॅडमचं टोकदार अक्षर: "सुंदर. पण तक्त्याबाहेरचे. मुलींचा गोंधळ होईल. वगळावे का, वनिताला विचारले. हरकत नाही म्हणाली."

मी तो समास कितीदा वाचला असेल. हरकत नाही म्हणाली. कधी? कुठं? त्यांच्या ओट्यावर, चहाचा कप हातात असताना? जिन्यावर घाईत? पुस्तकात आपलं लेखन येणार या आनंदात मी मान हलवली असेल? किंवा काहीच म्हटलं नसेल, आणि माझ्या न बोलण्याला त्यांनी हरकत नाही समजून घेतलं असेल? मला काहीही आठवत नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा राग धरून मी त्यांच्यासमोर बसले, ती गोष्ट मला विचारून झाली होती. विचारायला त्या नाहीत. रागवायलाही नाहीत. ज्यानं आपल्याला फसवलं म्हणून आपण मनातून दूर झालो, त्याच्यावर रडायचं कसं, एवढाच प्रश्न तीन महिने माझ्यापुढं होता. आता त्याच्या शेजारी मी स्वतः येऊन बसले.

रविवारी सकाळी मी वसतिगृहात गेले. रूताला म्हटलं, "चल." तिनं माझ्या हातातलं जर्नल पाहिलं आणि चपला घातल्या. पथारी जवळ आली तशी रिक्षावाल्यानं नाकाला रुमाल बांधला आणि आरशातून म्हणाला, "मॅडम, आठे कसाले ऊनात? पिकनिकले?"

तोच निंब होता की दुसरा, सांगता येत नाही. लाल चौकोन तसाच. इस्तेरबाई आता चाळिशी ओलांडलेली, केस पुढून पांढरे, ओळीत शेवटी बसलेली. मुलीला पाहून ती ताडकन उठली. चेहऱ्यावर इतका आनंद की मला मान खाली घालावी लागली. रूता तीन रविवारांचं अंतर एका दमात ओलांडून तिच्याजवळ गेली, हात पुढं केले. आणि इस्तेरबाईनं दोन्ही पंजे वर धरले आणि तिला कोपरानं मागं लोटलं.

"थांब, थांब! हात दख मन्हा!"

रूता तशीच उभी राहिली. तिचे हात पुढं केलेलेच राहिले. मग ती खाली बसली, त्या मिरचीच्या कडेलाच, आणि हसते आहे की रडते आहे ते पथारीवर कळायला मार्ग नव्हता.

आम्ही सावलीत बसलो. मी जर्नल उघडून मागचं पान वाचलं. रूता एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत गेली. तेलाच्या बाटलीपाशी इस्तेरबाई हसली. रूता डोळ्याला बोट लावण्यापाशी आली तेव्हा इस्तेरबाई माझ्याकडं नीट पाहू लागली, डोकं एका बाजूला कलून.

"तू ती वहीवाली पोर!" ती म्हणाली. आमच्याशी ती बाजारात उचललेली अहिराणी बोलत होती. "निळा पंजाबी घालेल व्हता. दुपारभर बठेल व्हती."

"हो. मीच."

"मी समजनू, सरकारनी मानूस शे. नाव लिखी लई जाई, काहीतरी दी." ती पुन्हा हसली. मी पुस्तकाचं सांगितलं. अर्धं छापलं गेलं, अर्धं राहिलं, त्यामुळं तिच्याबद्दल बारा वर्षं वर्गात काय शिकवलं गेलं, ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. रूता खाली पाहत भाषांतर करत होती. इस्तेरबाईनं ऐकून घेतलं. राग आलेला दिसला नाही. तिनं आधी विचारलं, "पोर पास व्हयी ना मन्ही?"

"होईल," मी म्हटलं.

मग तिनं निंबाकडं पाहिलं, मी बसले होते त्या जागेकडं पाहिलं. आणि अगदी साधेपणानं, एखादी शंका विचारावी तसं तिनं मला विचारलं,

"बहीन, मन्हा हात ते मिरचीना व्हतात. तुन्हा हात ते चांगला व्हतात ना? मग तू काबर नही उचली लिधं तिले?"

रूतानं याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. मी म्हटलं, "आम्हाला नियम होता." माझ्याच कानाला ते परक्या भाषेतलं वाटलं. इस्तेरबाई "हं" म्हणाली आणि हात धुवायला उठली. आम्ही दोघी पाहत होतो. राख. माती. पाणी. तेल. मग बोट डोळ्याच्या कडेला, आणि ते थांबणं. एकवीस वर्षांची होत आलेली मुलगी आता स्वतःचे डोळे स्वतः सांभाळू शकते हे तिच्या हातांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

परतताना मी रूताला रिक्षात घेतलं नाही. ती आईपाशीच थांबली.

*

वारा अजून फिरलेलाच आहे. परवा होळीच्या सुट्ट्या लागतील, सातपुड्याच्या वाटा घरी परतणाऱ्या मजुरांनी भरतील, मग पथाऱ्या हळूहळू उघड्या पडतील. खिडक्या उघडल्या जातील. मी एकसष्टावं पान नव्यानं लिहून पाठवलं आहे. तक्ता तसाच ठेवला, एकही शब्द न बदलता, आणि त्याच्या मागं दुसरं पानही. इस्तेरबाईची परवानगी रूतानं आणली, तिचा अंगठा घेऊन. चौथ्या केसखालचा जुना प्रश्न काढला. त्या जागी एकच प्रश्न घातला: दोन तास जवळ बसलेल्या निरीक्षक विद्यार्थिनीचे हात स्वच्छ होते. तिने बालिकेला का उचलले नाही? गुण आठ.

मॅडमचं नाव मुखपृष्ठावर तसंच आहे. माझं कुठंही घालू नका असं मी कळवलं होतं, पण मग विचार बदलला. निरीक्षक विद्यार्थिनी म्हणून ते केसमध्ये आहे.

काल प्रकाशकांकडून फोन आला. मजकूर लावणारा मुलगा होता, विनयानं बोलत होता. म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं लागलंय. फक्त मागच्या नमुना उत्तरांमध्ये केस चारच्या पुढं काहीच नाहीये. उत्तर द्यायचं राहून गेलंय का?"

"हो," मी म्हटलं. "राहून गेलंय."